दादाचं साक्षगंध आणि माझे हिरवे गोल

माझ्या थोरल्या भावाचं साक्षगंध ठरल्याची बातमी आमच्या धाड गावच्या स्टँडवर सगळ्यांना माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त तिघांना: माझ्या भावाला, नवरीच्या वडिलांना आणि ज्या बाईमुळे ती पसरली त्या बाईला. ती बाई म्हणजे मी.

(साक्षगंध म्हणजे साखरपुडा. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

मी वेबसाइटचे सुटे भाग बनवते. कंपनी पुण्याची, मी धाडची, आणि दोघींच्या मधे इंटरनेट, जे वारा सुटला की नसतं. त्या महिन्यात माझ्याकडे 'स्टेपर' नावाचं काम आलं होतं. ऑनलाइन लांबलचक अर्ज भरायला घेतला की वर गोलांची एक रांग दिसते, ती तुम्ही पाहिली असेल. हिरवा गोल म्हणजे हे उरकलं, निळा म्हणजे हे चालू आहे, आणि राखाडी म्हणजे एवढं अजून भोगायचं बाकी आहे. ती रांग म्हणजे स्टेपर.

हे मी आईला समजावून सांगितलं. आई अंगणवाडी सेविका आहे, तिला समजावून सांगितलेलं आवडतं.

"म्हणजे हे गोल तू काढते?"

"हाव."

"अन् खालचा अर्ज?"

"तो दुसरं कोणीतरी बनवतं."

"मंग दिवसभर तू नुसते गोलच काढते?" आईनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "माह्या अंगणवाडीतले पोरं बी तेच करतात. पन ते मधात झोपतात तरी!"

झोप मात्र त्या दिवसांत आमच्या घरात कोणालाच नव्हती. त्याचं कारण दादा. दादा, म्हणजे सिद्धार्थ, बुलढाण्याला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आमचं आटवायचं, असा त्याचा तेव्हा क्रम होता. आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या उंद्रीला त्याच्यासाठी मुलगी पाहून आलो होतो. प्राजक्ता तिचं नाव. तिचं स्वतःचं औषधांचं दुकान आहे. मग ती मंडळी आमचं घर पाहायला आली, पोहे खाल्ले, गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा पाहिली, आणि निघताना तिचे वडील दौलतकाका म्हणाले, "विचार करून सांगतो."

आणि ते जे विचारात पडले ते पडलेच!

दादा ओट्यावर जायचा, फोन पाहायचा, आत यायचा. पुन्हा ओट्यावर. आई कणीक मळता मळता मधेच थांबून म्हणायची, "पोह्यात मीठ जास्त झालं व्हतं काय वं?" बाबा धाड-बुलढाणा जीप चालवतात. त्या जीपमध्ये माणसं किती बसतात हे विचारू नये, पण बातम्या माणसांपेक्षा जास्त बसतात. तर बाबा रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला, "उंद्रीकडचं कोनी हाय काय?" असं विचारायचे. मी माझ्या गोलांमधलं अंतर एकदा वाढवायची आणि एकदा कमी करायची. चौघंही जागच्या जागी धावत होतो.

अशात पुण्याहून मुग्धा मॅडमचा फोन आला. त्या माझ्या वरिष्ठ. "प्रज्ञा, गोलांखाली तू 'पायरी एक, पायरी दोन' असं लिहिलंयस. त्यानं काय कळणार? खरे मराठी शब्द टाक. लहान टाक, मोठे टाक, जोडाक्षरं असू देत. रफार वर कापला जातो का, उकार खाली घुसतो का, ते दिसलं पाहिजे."

आता खरे मराठी शब्द आणायचे कुठून? घरात त्या वेळी एकाच विषयावरचे शब्द उपलब्ध होते. मी टाकले: 'मुलगी पाहिली', 'घर पाहिलं', 'पसंती', 'साक्षगंध', 'मंगल परिणय'. लहान, मोठे, जोडाक्षरं, सगळं आलं! वर ठळक मथळा हवा होता. रफार आणि जोडाक्षरं एकत्र असलेलं 'सिद्धार्थ' आणि त्याच्या शेजारी 'प्राजक्ता'. मी सांगते, अक्षरांच्या दृष्टीनं याहून अनुरूप जोडपं शोधून सापडलं नसतं.

तिन्ही रंग दिसावेत म्हणून पहिले तीन गोल हिरवे केले, साक्षगंध निळा, आणि मंगल परिणय राखाडी. गोलाखाली बारीक अक्षरांची ओळ कशी दिसते ते पाहायला साक्षगंधाखाली लिहिलं, 'रविवारी सकाळी अकरा वाजता'. खाली 'पुढे' असं बटण. ते शेवटपर्यंत दाबत गेलं की सगळे गोल हिरवे, वरून रंगीत कागदांचा पाऊस, आणि मोठ्या अक्षरात 'अभिनंदन!'

हे पान चाचणीसाठी इंटरनेटवर चढवलं आणि त्याची लिंक आईच्या फोनवर पाठवली. कारण आईचा फोन म्हणजे आमच्या धंद्यातलं रत्न! स्क्रीन लहान, एका कोपऱ्यात तडकलेली, आणि पोटात इतक्या सुप्रभाताच्या गुलाबांची गर्दी की उघडायला घेतलेली गोष्ट आधी धापा टाकते. आईच्या फोनवर जे चाललं ते जगात कुठेही चालतं. मी पाहिलं, तर 'सिद्धार्थ'मधला रफार खरंच वर कापला जात होता. तो दुरुस्त केला, पुन्हा पाहिलं, खूश झाले, आणि फोन स्वयंपाकघरात ठेवून आले.

लिंक तशीच राहिली. लिंक पुसतं कोण?

दुसऱ्या दिवसापासून घर एकदम शांत झालं. आई गुणगुणायला लागली. तिनं पडदे धुतले, डबाभर शेव तळली, माळ्यावरची स्टीलची ताटं खाली काढली. मला वाटलं, अखेर माणसं थकली आणि आशा सोडून कामाला लागली. मीही कानात हेडफोन खुपसून कामाला लागले. एकदा मात्र विचारलं, "आई, एवढी शेव काऊन?"

"मंग रविवारी पाहुन्याईले काय गोल खाऊ घालतं?" आई हसत म्हणाली.

मला वाटलं, तिच्या बचत गटाच्या बायका येणार असतील. मीही हसले. (माणूस कुठल्या कुठल्या क्षणी हसतो!)

शनिवारी मुग्धा मॅडमबरोबर मीटिंग होती. कॅमेरा लावून बसले. मॅडमच्या कपाळावर आठी होती.

"प्रज्ञा, आपल्या चाचणीच्या पानावर हल्ला झालाय का?"

"हल्ला?"

"फक्त आपल्या टीमनं उघडायचं पान आहे ते. दोन दिवसांत शेकडो लोक येऊन गेलेत! बुलढाणा, चिखली, जालना... आणि प्रत्येक जण शेवटपर्यंत 'पुढे' दाबतोय. कोण आहेत ही माणसं?"

तेवढ्यात मागून दार धाडकन उघडलं आणि बाबा पेढ्यांचा भलामोठा खोका डोक्यावर धरून कॅमेऱ्यासमोरून गेले.

"बाबा, हे काय?"

"उद्याचे पेढे! स्टँडवर सारे मांगून राह्यले, मले जीप काढता येईना! तुह्या मॅडमले बी दे एक!"

मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, एक मिनिट, वारा सुटला," आणि लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात धावले.

"आई! उद्या काय आहे?"

"साक्षगंध नाही का दादाचं! तूच तं पाठवलं ना मले!"

"मी?"

"मंग! उंद्रीवाल्याईची पसंती आली, हिरवं झालं, रविवारी अकराची वेळ आली. मी म्हटलं, शिकलेले लोक हायेत, कॉम्प्युटरवरच कळवलं. तवाच्या तवा पाठवलं तुह्या आत्याले."

आत्या चिखलीला असते. आत्याला एखादी गोष्ट सांगणं आणि गावात दवंडी देणं यात फरक एवढाच, की दवंडी एकदाच होते.

"अगं, मग उंद्रीला एक फोन नाही का करायचा?"

"आपन कायले करा? उतावळे दिसू."

"आणि दादाला कोणी सांगितलं?"

"त्याले काय सांगा? लाजून राह्यला बिचारा. दोन दिवसांपासून खाली मान घालून जेवते."

दादा खाली मान घालून जेवत होता, कारण घरात कोणीच प्राजक्ताचा विषय काढत नव्हतं. त्यानं गृहीत धरलं होतं की नकार आला आणि आपल्याला कोणी सांगत नाहीये! तो त्याच वेळी लॅबमधून परत आला, दारात उभा राहिला, आणि एका मिनिटाच्या आत त्याला कळलं की आपलं साक्षगंध ठरलं होतं, आणि पुढच्याच वाक्यात कळलं की ते ठरलंच नव्हतं. तो चपलांसकट आत येऊन खुर्चीवर बसला.

बाबा अजून खोका धरूनच होते. "म्हणजे उंद्रीवाल्याईनं हो म्हटलंच नाही?"

"नाही, बाबा."

"मंग हिरवं काऊन झालं?"

"मी केलं."

"तू कोन उंद्रीची?"

उत्तर सुचलं नाही की मी काहीतरी करते, हा माझा जुना रोग आहे. मी लॅपटॉप उघडला आणि घाईघाईनं ते पानच काढून टाकलं. प्रश्न मुळापासून संपला, असं मला वाटलं.

पण काढून टाकलेलं पान उघडायला गेलं की आमच्या कंपनीची एक पाटी दिसते. 'क्षमस्व! हे आता अस्तित्वात नाही.' आणि त्याच्यावर डोळ्यांतून टपटप पाणी गाळणारा एक गोल चेहरा. (तोही मीच काढलेला. गोल ना!)

आधी आत्याचा फोन आला. फोन म्हणजे हंबरडाच.

"काय झालं वं माय! आता त अस्तित्वात नाही म्हनते! अन् कसा रडून राह्यला व तो!"

"कोण, आत्या?"

"आपला सिद्धार्थ! फोटो आला ना!"

"तो सिद्धार्थ नाही, ते चित्र आहे!"

"मले नको सांगू! नाक अगदी त्याचंच हाय!"

त्यानंतर फोन थांबेचनात. आई एकीकडून, बाबा दुसरीकडून, मी तिसरीकडून सांगत होतो, की काही ठरलं नव्हतं म्हणून मोडलं नाही, आणि मोडलं नाही म्हणजे ठरलं असंही नाही. हे वाक्य तुम्ही फोनवर, खरखरीत, घाईत, सासरच्या माणसाला सांगून पाहा! ऐकणारा प्रत्येक जण शेवटी हेच म्हणे, "बरं बरं, आम्ही उद्या येतोच."

मी हळूच म्हटलं, "मी परत एक पान चढवू का, खुलाशाचं?"

"तू," बाबा म्हणाले, "आता कशालेच हात लावू नको. चहाच्या कपाले बी नाही."

रविवारी सकाळी आमच्या अंगणात दोन प्रकारची माणसं जमली. ज्यांना पहिली बातमी पोचली होती ती नवे कपडे घालून, हार घेऊन आली होती. ज्यांना दुसरी पोचली होती ती तोंड पाडून आली होती. दोन्ही पक्ष एकाच सतरंजीवर शेजारी शेजारी बसले. हारवाले म्हणत, "अभिनंदन!" तोंड पाडलेले म्हणत, "धीर धरा." आत्या दोन्ही तयारीनं आली होती, एका पिशवीत होणाऱ्या सुनेसाठी साडी, आणि हातात डोळे पुसायला रुमाल. शेव मात्र दोन्ही पक्षांना सारखीच आवडली.

आणि तेवढ्यात उंद्रीची गाडी दारात येऊन थांबली.

दौलतकाका उतरले. मागून काकू. मागून प्राजक्ता. अंगण असं गप्प झालं की कोणाच्या तरी तोंडातली शेव कुरकुरल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. बाबा पुढे झाले. "जय भीम, दौलतभाऊ. या, या."

"जय भीम." काका बसले नाहीत. "भाऊ, मले एकच सांगा. परवा उंद्रीतल्या बाया माह्या घरी येऊन हिचं तोंड गोड करून गेल्या. काल त्याच बाया येऊन हिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. जोडलं बी तुम्हीच, मोडलं बी तुम्हीच! आम्हाले कोनी काही विचारसान का नाही?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. इतक्या झटकन केलं की ते बोट आधीपासून तयार असावं.

मी लॅपटॉप घेऊन पुढे गेले. मनात म्हटलं, शांतपणे, मुद्देसूद समजावून सांगू. शिकलेली मुलगी आहे मी. माझ्याकडची प्रत उघडली आणि म्हटलं, "काका, हा फक्त एक नमुना आहे."

"माह्या पोरीचं नाव नमुना?"

"नाही, नाव फक्त जोडाक्षरांसाठी घेतलं."

"कायच्यासाठी?"

"म्हणजे 'प्रा' आहे, 'क्ता' आहे... ते कापलं जातं का, ते पाहायचं होतं."

"काय कापता?" काकांचा आवाज चढला.

"नाही हो काका, दादाचा रफार कापला जात होता!"

आत्यानं रुमाल डोळ्यांना लावला. तोंड पाडलेल्यांपैकी एक म्हातारबुवा शेजाऱ्याला म्हणाले, "आपरेशन झालं वाटते पोराचं."

मी घामानं निथळत होते. "काका, कृपा करून हे बघा, हा निळा गोल, म्हणजे चालू आहे..."

"कोन म्हनते चालू हाय?"

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आधी लॅपटॉप फेकला असता आणि मग स्वतः उडी मारली असती. दादाचं लग्न मी माझ्या हातानं मोडलं होतं, हे आता खरोखरच ठरलं होतं. दादा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि मला हसू येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मागून प्राजक्ता म्हणाली, "बाबा, म्या बी दाबलं व्हतं."

"काय दाबलं?"

"ते, 'पुढे'. लिंक आलती ना मले. शेवटपर्यंत दाबलं."

काका वळले. "तू काऊन दाबलं?"

"मले वाटलं, तुम्ही त्याईले होकार कळवला." तिनं पदर नसताना पदर सावरला. "बरं वाटलं. म्हनून दाबलं."

काकांचा चढलेला आवाज एकदम कुठे गेला कळलं नाही. "मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही."

"मी तुह्या बोलन्याची वाट पाहून राह्यलो व्हतो!"

"अन् मी तुमच्या विचारन्याची."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अन् मी तुम्हा दोघाईची! घरात कोनी जेवताना बोललंच नाही इतके दिवस, मले वाटलं तुमचं भांडन झालं!"

काका खाली बसले. सतरंजीवर, हारवाले आणि तोंड पाडलेले यांच्या बरोबर मधोमध. मग त्यांनी दादाकडे पाहिलं. "अन् तुमचं काय म्हननं हाय, सिद्धार्थ?"

दादा इतके दिवस जे गिळून बसला होता ते सगळं एका वाक्यात बाहेर आलं. आवाज रडवेला होता, पण चेहरा लालबुंद.

"मले त कोनी लिंकच पाठवली नाही!"

पहिली हसली ती प्राजक्ता. मग काकू, मग आत्या (रुमालातच), मग तोंड पाडून आलेल्यांनीसुद्धा सतरंजीवर बसल्या बसल्या पक्ष बदलला. बाबांनी काकांना मिठी मारली. माणसं जमलेली होती, पेढे आलेले होते, साडी पिशवीत होती, ताटं माळ्यावरून उतरलेली होती. आता यांना घरी पाठवून परत कधी बोलवायचं? आतल्या खोलीत तथागतांच्या प्रतिमेसमोर मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, आणि दादाचं साक्षगंध झालं. दोघांनी एकमेकांना अंगठ्या घातल्या नाहीत, कारण अंगठ्या कोणी आणल्याच नव्हत्या. आत्यानं पिशवीतून पांढरा दोरा काढून दोघांच्या बोटांची मापं घेतली आणि तोच प्रसंग पुढे दोनदा सगळ्यांना फोनवर सांगितला, दर वेळी वेगळा.

मला कोणी काही बोललं नाही. उलट काका जाताना म्हणाले, "पोरी, तुहं काम मले काही समजलं नाही. पन करत राहजो." माझ्या कामाबद्दल आमच्या जिल्ह्यात कोणी काढलेले हे सर्वांत चांगले उद्गार आहेत.

सोमवारी सकाळी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकून, जिंकल्यासारखी मी लॅपटॉपसमोर बसले. मुग्धा मॅडमचा निरोप येऊन पडला होता. त्यांच्या टीमनं माझा स्टेपर तपासला होता. रंग छान. रफार व्यवस्थित. पण मंजुरी नाही, कारण एकच मूलभूत दोष आहे: 'आपण नेमके कुठल्या टप्प्यावर आहोत, हे वापरणाऱ्याला अजिबात कळत नाही.'

एरवी मी मॅडमच्या प्रत्येक शेऱ्यावर तासभर वाद घालते. त्या दिवशी नुसतं 'मान्य' लिहिलं. कारण वाद घातला असता, तर त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला आमच्या बाबांची जीप टपासकट भरून पुण्याला गेली असती!